काच फुटत नाही, वाढते

दिंडोरीच्या बाजारात कासारापुढे हात धरलेल्या बाईची बांगडी कडकन तुटली, तरी ‘फुटली’ असे कुणी म्हणत नाही. बांगडी ‘वाढली’ म्हणतात. हा शब्द सौभाग्याच्या धास्तीतून आला; पण काचेच्या भट्टीपाशी तो शब्दशः खरा ठरतो.

वाळू, सोडा आणि चुनखडी वितळवून काच होते. नुसत्या वाळूला सुमारे १७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. सोड्यामुळे ती गरज उतरते. फुटक्या काचेत ही तिन्ही द्रव्ये आधीच एकजीव झालेली असतात. त्यामुळे घाण्यात दर दहा टक्के फुटकी काच घातली की सुमारे अडीच ते तीन टक्के ऊर्जा वाचते.

महाराष्ट्रातील काचधंद्याचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. अंताजी दामोदर काळे यांचा पैसाफंड, त्यामागे लोकमान्य टिळकांचे पाठबळ आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे निघालेला काचकारखाना. पुढे १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी काढलेला कारखाना आणि घरोघरी पोचलेला प्रभाकर कंदील. या इतिहासात भांडवल आहे, भट्टी आहे, पुढारी आहेत. फुटकी काच वेचणारा मात्र नाही.

खरे तर निवड हीच या धंद्याची पहिली पायरी. हिरव्या बाटलीचा रंग भट्टीत जात नाही. ती पांढऱ्या काचेत मिसळली तर सगळा घाणा बिघडतो. चिनीमातीच्या कपाचा टवका वितळत नाही. नव्या बाटलीच्या अंगात तो खडा होऊन बसतो आणि बाटली तिथेच तडकते. हे जाणणारे हात जुने आहेत. गंधक लावलेल्या काड्या देऊन फुटकी काच घेणारा फेरीवाला पहिल्या शतकातील रोमन कवी मार्शलने टिपून ठेवला आहे. आपल्याकडे १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्या नावातच ती काच आली: कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत.

द्राक्षे आणि वाइनच्या आमच्या तालुक्यात बाटल्यांना तोटा नाही. साबूत बाटली धुऊन पुन्हा भरावी, फुटलेली रंगाप्रमाणे वेगळी ठेवावी, एवढेच करायचे आहे. ओल्या कचऱ्यात गेलेली काच भट्टीपर्यंत क्वचितच पोचते. वाटेत कुणा वेचणारीचा हात मात्र कापते, आणि त्या जखमेला ‘वाढली’ म्हणता येत नाही.