शिकवण्याचा परवाना : पंतोजींपासून टीईटीपर्यंत

१/
लासलगावच्या आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. तीत सातबाऱ्याचे उतारे, कांद्याच्या जुन्या हिशोबपट्ट्या आणि माझ्या थोरल्या चुलतभावाचे डी.एड.चे प्रमाणपत्र एकत्र ठेवलेले आहे. प्रमाणपत्र २००९ सालचे. दादाला शिक्षकाची नोकरी मिळाली नाही. तो शेती पाहतो. माझी मावशी मात्र चोवीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आहे आणि आता तिला नव्याने परीक्षा देऊन आपली पात्रता सिद्ध करावयाची आहे.

२/
शिकवायचे तर प्रमाणपत्र हवे, हे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ही कल्पना आपल्याकडे जेमतेम दोनशे वर्षांची आहे. ती कोठून आली, कोणी मागितली, तिने कोणासाठी दार उघडले आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवले, हा आजच्या लेखनाचा विषय. #थ्रेड

३/
आरंभ पंतोजींपासून करू. गावातील ओसरीवर किंवा देवळात भरणाऱ्या शाळेत धुळाक्षरे, मोडी वाचन-लेखन आणि पाढे शिकवले जात. पाढे म्हणजे केवळ बे एके बे नव्हे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचेही. बाजारात तोंडी हिशेब करता यावा, हा त्यामागील व्यवहार. पंतोजींना मोबदला धान्यात वा पैशात मिळे. त्यांच्याजवळ कोणतेही प्रशस्तिपत्र नसे. गावाचा विश्वास हीच त्यांची पात्रता. मात्र तो विश्वास ठरावीक जातींच्या पलीकडे क्वचितच जात असे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

४/
शिक्षकाला आधी 'शिकवायला शिकवावे' हा विचार कंपनी सरकारच्या काळात रुजला. गंमत अशी की त्याचे एक मूळ भारतातच सापडते. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल यांनी मोठ्या मुलांकडून लहान मुलांना शिकवण्याची पद्धत अवलंबिली. वाळूत अक्षरे गिरवण्याची रीत त्यांनी देशी शाळांतून उचलली होती. १७९७ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये या प्रयोगाचा वृत्तांत छापला. तेथे जोसेफ लँकेस्टर यांनीही त्याच वळणाची पद्धत उभारली आणि पुढे ती 'विलायती सुधारणा' म्हणून आपल्याकडे परत आली.

५/
मुंबई इलाख्यात नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने या पद्धतीने शिक्षक तयार करण्यास आरंभ केला. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांचा त्यात मोठा वाटा होता. १८२६ च्या सुमारास चोवीस प्रशिक्षित शिक्षकांची तुकडी जिल्ह्यांतील शाळांकडे रवाना झाली. सरकारने तयार करून गावोगावी पाठवलेला शिक्षक ही आपल्याकडची अगदी नवी घटना होती. पंतोजी गावाचे होते. हा शिक्षक खात्याचा होता.

६/
पुढे 'नॉर्मल क्लास' आले. 'नॉर्मल' म्हणजे सर्वसाधारण नव्हे. फ्रेंच भाषेत शिक्षक घडवणाऱ्या संस्थेला 'एकोल नॉर्माल' म्हणत. 'नॉर्म' म्हणजे आदर्श, नमुना. जेथे अध्यापनाचा नमुना घालून दिला जातो, ती नॉर्मल शाळा. १८४५ मध्ये मुंबईत असा वर्ग निघाला, तेव्हा त्याची धुरा बाळशास्त्री जांभेकरांकडे आली. 'दर्पण'कार म्हणून आपण त्यांना ओळखतो. शिक्षकांचे शिक्षक ही त्यांची दुसरी ओळख सहसा विस्मरणात जाते. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

७/
याच दशकात सावित्रीबाई फुले यांनीही अध्यापनाचे शिक्षण घेतले. नगरला सिंथिया फरार यांची मिशनरी संस्था आणि पुण्यात मिचेलबाईंची नॉर्मल शाळा, ही त्यांच्या प्रशिक्षणाची दोन ठिकाणे सांगितली जातात. १८४८ मध्ये भिडे वाड्यातील मुलींची शाळा सुरू झाली, तिच्यामागे धैर्याबरोबर ही तयारीही होती. आपण शेणगोळ्यांची आठवण वारंवार काढतो आणि त्या प्रशिक्षित शिक्षिका होत्या, ही गोष्ट एका वाक्यात संपवतो.

८/
१८५४ च्या वूडच्या खलित्याने शिक्षक-प्रशिक्षण हे सरकारी धोरण ठरवले : प्रत्येक इलाख्यात प्रशिक्षण शाळा आणि शिकणाऱ्यांना विद्यावेतन. पुण्यात पुरुषांसाठी ट्रेनिंग कॉलेज उभे राहिले. १८६६ मध्ये मेरी कार्पेंटर भारतात आल्या आणि त्यांनी स्त्री-शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचा आग्रह धरला. १८७० च्या सुमारास पुण्यात स्त्रियांचे ट्रेनिंग कॉलेज निघाले. पण तेथे प्रवेश कोणी घ्यावा? लग्न झालेल्या मुलीला सासरचे लोक पाठवीनात. मग विधवांपुढे हा एक मार्ग हळूहळू खुला होऊ लागला.

९/
आता येते १८८२, या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे साल. हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी म्हणून ते आपणांस ठाऊक असते. परंतु त्यातील शिक्षकांविषयीचा भाग स्वतंत्रपणे वाचावा असा आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावा. तो लोकांत मिसळेल, त्यांच्या गरजा जाणेल आणि प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हाती धरण्यात त्याला कमीपणा वाटणार नाही.

१०/
जोतीराव एवढ्यावर थांबले नाहीत. या शिक्षकाच्या प्रशिक्षणात नेहमीच्या विषयांसोबत शेती आणि आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान असावे. अप्रशिक्षित शिक्षक विशेष कार्यक्षम नसतील तर त्यांच्या जागी प्रशिक्षित शिक्षक नेमावेत. पगार दरमहा बारा रुपयांहून कमी नसावा; मोठ्या गावांत तो पंधरा ते वीस असावा. शिवाय गावचे टपाल, स्टँपविक्री अशी कामे देऊन त्याची मिळकत आणि प्रतिष्ठा वाढवावी.

११/
मागणीची रचना पाहा. प्रशिक्षणाची अट जोतीराव स्वतःच घालतात. पण त्या अटीसोबत तीन गोष्टी जोडतात : प्रशिक्षणाची वाट बहुजनांच्या मुलांना मोकळी असावी, प्रशिक्षणाचा गावाच्या जगण्याशी संबंध असावा आणि ते पूर्ण करणाऱ्याला मानाने जगता येईल एवढे वेतन मिळावे. अट, वाट आणि वेतन. पुढील सारा इतिहास या त्रयीवर तपासून पाहता येतो. याच आयोगापुढे पंडिता रमाबाई यांचीही साक्ष झाली आणि त्यांनीही स्त्री-शिक्षिकांच्या खास प्रशिक्षणावर भर दिला.

१२/
हंटर आयोगाने अध्यापनाची तत्त्वे आणि प्रत्यक्ष पाठ यांची परीक्षा माध्यमिक शिक्षकाच्या कायम नेमणुकीसाठी आवश्यक करावी, असे सुचवले. कर्झन यांच्या काळातील १९०४ च्या ठरावाने प्रशिक्षण महाविद्यालयांवर जोर दिला. १९०६ मध्ये मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. आणि १९१३ च्या सरकारी ठरावात ते वाक्य अवतरले, ज्याची सावली आजही आपल्यावर आहे : अखेरीस प्रमाणपत्राशिवाय कोणालाही शिकवू दिले जाऊ नये, असा त्याचा आशय होता.

१३/
त्यानंतर विद्यापीठ या क्षेत्रात उतरले. १९२२ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.टी. पदवी आली, हीच पुढे बी.एड. झाली. १९३६ मध्ये त्याच विद्यापीठाने एम.एड. सुरू केले. हा देशातील पहिला एम.एड. अभ्यासक्रम मानला जातो. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि आमच्या नाशिक जिल्ह्यातील छात्राध्यापकांना पुण्याची पदवी मिळू लागली.

१४/
तुमच्या घरी कोणी बी.एड. केले असेल, तर त्यांची टाचण वही मागून पाहा. प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन, संकलन, उपयोजन, गृहपाठ! या पायऱ्यांचे मूळ जर्मन विचारवंत योहान हर्बार्ट (१७७६–१८४१) यांच्याकडे जाते. त्यांच्या शिष्यपरंपरेने पाठाची 'पंचपदी' बांधली, इंग्रजी ट्रेनिंग कॉलेजांनी ती उचलली आणि ती आपल्याकडे पोहोचली. सराव पाठाच्या वेळी मागच्या बाकावर बसलेले मार्गदर्शक, फलकलेखनाचे गुण, पुठ्ठ्याचे शैक्षणिक साहित्य हे सारे त्याच परंपरेचे वारस.

१५/
खेड्यात मात्र चित्र निराळे होते. 'व्हर्नाक्युलर फायनल' म्हणजे मराठी सातवी उत्तीर्ण झालेला मुलगा मास्तर होऊ शके आणि ट्रेनिंग केल्यावर त्याचा पगार वाढे. अनेक शेतकरी कुटुंबांसाठी ही पांढरपेशा जगाची पहिली पायरी ठरली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे अचूक हेरले. १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले. पुढे त्याला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. १८८२ च्या निवेदनातील शिक्षक घडवण्याचा हा सर्वांत प्रामाणिक प्रयत्न म्हणावा लागेल.

१६/
प्रशिक्षणाने माणसाचे आयुष्य कसे पालटते, याचे उदाहरण म्हणजे अनुताई वाघ. जन्म १९१०. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य. घरच्यांच्या पाठबळाने त्या शिकल्या, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून १९२९ मध्ये पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि त्यांच्या नोकरीची सुरुवात आमच्याच नाशिक जिल्ह्यात झाली. नंतर हुजूरपागा, आणि १९४५ पासून ताराबाई मोडकांसोबत बोर्डी व कोसबाड. आदिवासी पाड्यांत अंगणवाडी फुलवणाऱ्या या बाईंच्या हाती पहिले साधन होते, ते शिक्षिकेचे प्रमाणपत्र.

१७/
स्वातंत्र्यानंतर अट अधिक घट्ट झाली. महाराष्ट्रात खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली यांनी कोणत्या वर्गासाठी कोणती अर्हता, हे लिहून ठेवले. नाशिकला १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने नोकरी करीत असलेल्या अप्रशिक्षित शिक्षकांसाठी दूरशिक्षणाने बी.एड.ची सोय केली. वर्ग न सोडता पदवी मिळू लागली. अट पाळण्यासाठी वाटही रुंद करता येते, हे येथे दिसले.

१८/
मग वाट इतकी रुंद झाली की तिचा बाजार झाला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा कायदा १९९३ चा. परिषद १९९५ पासून कार्यरत. नव्या शतकात राज्यात डी.एड. विद्यालयांचे पेव फुटले. राज्य सरकारचा विरोध असतानाही मान्यता मिळत गेल्या आणि वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. २०११ मध्ये न्यायालयाने न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. महाराष्ट्रातील २९१ संस्थांची छाननी झाली आणि त्यांतील बहुसंख्य अपात्र ठरल्या. देशभराच्या शिक्षक-प्रशिक्षणात बदल घडवणारा, बी.एड. दोन वर्षांचे करणारा हा आयोग महाराष्ट्राच्या डी.एड. प्रकरणातून जन्मला.

१९/
तोवर दादासारखे असंख्य तरुण पदविका घेऊन बाहेर पडले होते. २०१२ नंतर भरती जवळपास थांबली. शिक्षण हक्क कायद्यानंतर २०१० मध्ये टीईटी आवश्यक झाली; राज्यातील पहिली टीईटी डिसेंबर २०१३ मध्ये झाली. दादाने ती दोनदा दिली. अनेकांनी रात्री कांदा चाळीत भरून दिवसा अभ्यास केला. आणि २०२१ च्या अखेरीस टीईटीतील गैरव्यवहार उघडकीस आला. पुढे सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. ज्या परीक्षेने पात्रता मोजायची, तिचाच सौदा झाला होता. ती बातमी आली त्या संध्याकाळी दादाने पुस्तके बांधून माळ्यावर टाकली.

२०/
१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला : पहिली ते आठवीच्या ज्या कार्यरत शिक्षकांची पाच वर्षांहून अधिक सेवा उरली आहे, त्यांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण झाले पाहिजे. हे प्रकरणही महाराष्ट्रातूनच गेले होते. मावशी आता रात्री बालमानसशास्त्राचे प्रश्नसंच सोडवते. ती म्हणाली, "अरे, परीक्षेची भीती नाही वाटत. चोवीस वर्षं कुणी वर्गात येऊन पाहिलं नाही, याचं वाईट वाटतं."

२१/
मावशीच्या बोलण्याने मला अंतर्मुख केले. मुलांना चांगला शिक्षक मिळावा, हा अटीमागील हेतू योग्यच आहे. जोतीरावांनीही अट मागितली होती. पण त्यांच्या त्रयीतील उरलेल्या दोन गोष्टींचे काय? वाट बाजाराच्या हाती गेली. वेतनाचे म्हणाल तर २००० पासून नवा शिक्षक तीन वर्षे मानधनावरील 'शिक्षण सेवक' असतो. २०२३ मध्ये वाढ होऊन प्राथमिक शिक्षण सेवकाचे मानधन १६,००० रुपये झाले. आता २०२० च्या शैक्षणिक धोरणानुसार २०३० पर्यंत चार वर्षांचे एकात्मिक बी.एड. ही किमान अर्हता व्हावयाची आहे. अट आणखी एक पायरी वर जाईल.

२२/
म्हणून पुढच्या वेळी शिक्षकांच्या पात्रतेविषयीची बातमी वाचाल, तेव्हा १८८२ चे ते निवेदन आठवा आणि तीन प्रश्न विचारा. अट काय आहे? तिथवर पोहोचण्याची वाट कोणाला परवडते? आणि पोहोचलेल्याला मानाने जगता येते का? पहिल्याचे उत्तर शासन निर्णयात मिळते. उरलेल्या दोहोंची उत्तरे आमच्यासारख्या घरांतील पत्र्याच्या पेट्यांत आहेत.

२३/
तुमच्या घरातील आजी-आजोबांपैकी कोणी व्हर्नाक्युलर फायनल, पी.टी.सी. किंवा बी.टी. केले होते का? त्यांची प्रमाणपत्रे, टाचण वह्या, नेमणुकीचे आदेश जपून ठेवा आणि आठवणी जरूर लिहा. शिक्षणाचा इतिहास आयोगांच्या अहवालांत असतो, तसा तो या कागदांतही असतो.