उमेदवारी आणि राजाश्रय



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते इतिहास शिकविताना राजांच्या सनावळीपेक्षा कारागिरांच्या हातांविषयी अधिक बोलत. त्यांचे ऋण अंशतः तरी फेडावे, म्हणून आजचा विषय मी निवडला आहे.

'उमेदवार' हा शब्द आता निवडणुकीपुरताच उरला आहे की काय, असे वाटते. आपल्या आजोबांच्या पिढीत मात्र उमेदवारी करणे म्हणजे जाणत्या माणसाच्या हाताखाली, बहुधा बिनपगारी राहून, काम शिकणे. आपले सुरत शहर अशा उमेदवारीवरच उभे राहिले. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातून रेल्वे धावू लागली आणि खानदेश सुरतेला जोडला गेला. पुढे धुळे, जळगाव, नंदुरबारकडील कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत येऊन राहिली. माझे वडील त्यांतलेच एक. मामांनी बोट धरून त्यांना यंत्रमागावर नेले. तुटलेला धागा सांधणे, ताणा-बाण्याचा दोष केवळ आवाजावरून ओळखणे, हे सारे ते पाहून पाहून शिकले. पुढे एका गिरणीने त्यांच्याकडे प्रमाणपत्र मागितले, तेव्हा त्यांच्यापाशी दाखविण्यासारखे दोन हातच होते. ते परत आले, ती संध्याकाळ मला अजून आठवते.

शिकणाऱ्या हाताला शासनाने आधार द्यावा, हा विचार मात्र नवा नाही, आणि त्याच्या आरंभी एक सुरतकरच उभा आहे. प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा जन्म १८६३ साली सुरतेत, सुतारकाम हा पिढीजात व्यवसाय असलेल्या समाजात झाला. ते रसायनशास्त्रज्ञ झाले. पण उच्च विद्या आणि कारागिरी यांच्यातील दरी त्यांना अस्वस्थ करीत राहिली. १८९० साली श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी बडोद्यात कलाभवन स्थापिले आणि त्याची धुरा गज्जरांकडे सोपविली. तेथे रंगकाम, यंत्रविद्या, चित्रकला असे विषय शिकविले जात. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवण्यावर गज्जरांचा कटाक्ष होता, आणि त्यासाठी गुजराती व मराठीत शास्त्रीय ग्रंथ सिद्ध करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके हे याच कलाभवनाचे विद्यार्थी. येथे राजाश्रय प्रथम पोहोचला तो शिक्षकाकडे, कार्यशाळेकडे आणि पुस्तकाकडे. हे आपण ध्यानात ठेवू.

स्वातंत्र्यानंतर उमेदवारीला कायद्याचे रूप मिळाले ते १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने. १९७३ साली पदवी व पदविकाधारक अभियंत्यांचा आणि १९८६ साली व्यवसाय अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांचा त्यात समावेश झाला. या अधिनियमातील दोन कलमे मला एकाच तराजूची दोन पारडी वाटतात. कलम १८ म्हणते की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. म्हणजेच कामगाराचे बहुतेक हक्क त्याला लागू होत नाहीत. कलम ११ मालकावर कर्तव्य घालते: उमेदवाराला त्याच्या व्यवसायाचे शिक्षण द्यावे, आणि मालक स्वतः पात्र नसेल तर पात्र व्यक्तीकडे हे काम सोपवावे. उमेदवाराने हक्क सोडावयाचे ते विद्येच्या मोबदल्यात, हा यातील न्याय आहे. विद्या दिली नाही, तर उरते ती केवळ स्वस्त मजुरी.

गेल्या काही वर्षांत शासनाचा हात अधिक सढळ झाला आहे. २०१६ च्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्राने उचलला. २०१८ साली गुजरात शासनानेही शिकाऊ उमेदवारांसाठी मुख्यमंत्र्यांच्या नावे योजना आणली. २०२४ साली महाराष्ट्राने सहा महिन्यांच्या कार्यप्रशिक्षणासाठी शिक्षणानुसार दरमहा ६०००, ८००० व १०००० रुपये ठरविले. त्याच वर्षी केंद्राने पाच वर्षांत एक कोटी तरुणांना मोठ्या कंपन्यांत अनुभव देण्याची योजना जाहीर केली; तीत दरमहा ५००० रुपये धरले होते.

या साऱ्याचे मी मनापासून स्वागत करतो. माझ्या वडिलांना उमेदवारीच्या काळात एक दमडीही मिळाली नव्हती. तरीही इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक फरक नोंदविणे मला भाग आहे. १८९० साली राज्याने शिकविणाऱ्याला पोसले. आज शासन प्रामुख्याने शिकणाऱ्याच्या खिशात रक्कम घालते. रक्कम मोजता येते, खात्यात जमा झालेली दिसते. पण त्याच्या शेजारी उभे राहून 'असे नव्हे, असे' म्हणणारा कारागीर कोणत्या रकान्यात नोंदवावयाचा? हिऱ्याच्या घंटीभोवती बसलेला जुना कारागीर नवख्याला शिकवितो, तेव्हा त्याचे स्वतःचे काम मंदावते. तुकड्यावर मजुरी घेणाऱ्याला तो वेळ तोट्याचाच असतो. ती झीज भरून देण्याचा विचार आपण फारसा केलेला नाही.

आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मध्यंतरी मला भेटला. प्रशिक्षणार्थी म्हणून काही महिने तो एका ठिकाणी होता. "काय शिकलास?" असे मी विचारले. तो हसला आणि म्हणाला, "सर, खोके बांधायला शिकलो." प्रमाणपत्र मात्र त्याला मिळाले होते.

मित्रहो, माझ्या वडिलांपाशी विद्या होती, कागद नव्हता. या मुलापाशी कागद आहे, विद्या नाही. या दोघांमधील अंतर बुजविणे, हेच उमेदवारीच्या धोरणाचे खरे काम होय. ३० वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक आहे. पण सुरतेचे कितीतरी माग लहान खात्यांत चालतात, आणि तेथे शिकणारा मुलगा अजूनही मामाच्याच भरवशावर असतो.

या सभागृहात अनेक माजी विद्यार्थी स्वतःचे कारखाने चालवितात. त्यांना माझी एकच विनंती आहे. उद्या आपल्याकडे उमेदवार येईल, तेव्हा त्याच्या हजेरीपटाबरोबर त्याला शिकविणाऱ्याचे नावही लिहा, आणि त्या कारागिराचा शिकविण्यात गेलेला वेळ त्याच्या मजुरीत धरा. गुरुजींना याहून मोठी आदरांजली मला सुचत नाही.