समुदायाधारित बालसंरक्षण : कळंबोली परिसर
वस्तीतील मुलांची सुरक्षितता व वाढ ही वस्तीनेच संघटितपणे सांभाळण्याची पद्धत. सिडको या शासकीय नगरविकास महामंडळाने वसवलेली कळंबोली २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत आहे. लोखंड-पोलाद बाजार व मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे टोक यांमुळे हमाल, ट्रकचालक, नाका कामगार यांचा इथे राबता असतो. आईबाप पहाटेच कामावर गेले की धाकट्यांना मोठ्या बहिणीने सांभाळायचे; तिची शाळा सुटते ती बहुधा अशीच.

एकात्मिक बालसंरक्षण योजनेने (२००९) स्थानिक पातळीवर बालसंरक्षण समित्यांची कल्पना मांडली. कागदावर त्या झटकन बनतात. चालतात मात्र अंगणवाडीताई, बचतगट आणि वस्तीतली तरुण मुले हाताशी असतील तिथेच. मुंबईत १९८४ साली स्थापन झालेल्या व शेजारच्या खारघरला केंद्र असलेल्या ‘युवा’ संस्थेने मुलांच्या स्वतःच्या संघटना बांधण्यावर भर दिला. अशा कामात मुलेच वस्तीचा नकाशा काढतात : बंद पडलेला दिवा, कडी नसलेले शौचालय, दारूच्या गुत्त्याजवळची गल्ली. मोठ्यांच्या पाहणीत या जागा सहसा सुटतात. तातडीच्या प्रसंगी १०९८ ही हेल्पलाइन आणि जिल्ह्याची बालकल्याण समिती यांच्याकडे दाद मागता येते.