हद्दपारी (सातारा व सांगली जिल्हे)

हद्दपारी : एखाद्या व्यक्तीने ठरावीक हद्दीबाहेर जावे आणि मुदत संपेपर्यंत किंवा कायमचे परतू नये, असा सरकारी हुकूम. सातारा-सांगलीत हा शब्द बहुधा तडीपारीच्या बातम्यांत भेटतो; अलीकडे तो बेकायदा राहणाऱ्या परदेशी नागरिकांसंबंधीही वापरला जातो. हुकूम काढायला वेळ लागत नाही. ज्याच्यावर तो बजावायचा त्याचे ऐकून घेण्यात मात्र सरकारे पूर्वीपासून हात आखडता घेत आली आहेत.

साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांचे प्रकरण यातले सर्वांत गाजलेले. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान, नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील देशी अधिकाऱ्यांना फितवणे असे आरोप त्यांच्यावर होते. ऑगस्ट 1839 मध्ये मुंबईचे गव्हर्नर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्यास आले आणि दोष कबूल करणाऱ्या कागदावर सही केल्यास गादी राहील, असे त्यांनी सांगितले. महाराजांनी सही नाकारली, उघड चौकशी मागितली. ती मिळाली नाही. 5 सप्टेंबर 1839 रोजी त्यांना पदच्युत करून पुढे काशीला रवाना करण्यात आले. तिथेच 1847 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे वकील रंगो बापूजी 1840 मध्ये लंडनला पोहोचले आणि धन्याच्या मृत्यूनंतरही काही वर्षे तिथे दाद मागत राहिले. अपील ऐकायला कोणी बांधील नसले की काय होते, हे त्यांच्या मुक्कामाच्या लांबीवरून कळते.

आजच्या तडीपारीला मात्र कायद्याची बैठक आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 मधील कलम 55 टोळ्यांसाठी, 56 धोकादायक व्यक्तींसाठी आणि 57 पूर्वी शिक्षा झालेल्यांसाठी आहे. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षे. आधी नोटीस व बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. हुकुमाविरुद्ध तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येते. कलम 56 चा प्रस्ताव पोलीस ठाण्यातून निघून प्रांताधिकाऱ्यांपुढे जातो. उघडपणे साक्ष द्यायला लोक धजत नाहीत, म्हणून त्यात नावे झाकलेले ‘इन कॅमेरा’ जबाब जोडतात; आपल्यावर नेमके कोण काय बोलले हे तडीपाराला कळत नाही. गणेशोत्सव आणि निवडणुका जवळ आल्या की असे प्रस्ताव वाढतात. सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2022 रोजी जालना जिल्ह्यातील एका प्रकरणात बजावले, की तडीपारी हा अपवादात्मक उपाय आहे, जुनी प्रकरणे उकरून तो वापरता येत नाही आणि पूर्ण दोन वर्षे द्यायची तर कारण नोंदवावे लागते. शिवाय एका जिल्ह्याने काढलेला माणूस शेजारच्या जिल्ह्याच्या माथी बसतो. सांगलीतल्या वाळवा तालुक्यातून निघालेल्याला साताऱ्यातले कऱ्हाड एसटीने जवळच आहे. म्हणून पुष्कळदा हुकुमात लगतचे जिल्हेही घालतात.

परदेशी नागरिकांसाठी आता आप्रवास व परदेशी नागरिक अधिनियम 2025 लागू आहे. 1 सप्टेंबर 2025 पासून त्याने 1946 च्या परदेशी नागरिक अधिनियमासह चार जुने कायदे मोडीत काढले. वैध पारपत्राविना देशात शिरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जिल्ह्यात नोंदणीचे काम पोलीस अधीक्षकांकडे असते. पाचगणीच्या निवासी शाळा, महाबळेश्वरची हॉटेले आणि मिरजेची रुग्णालये यांना परदेशी पाहुण्यांची, विद्यार्थ्यांची, रुग्णांची माहिती कळवावी लागते. पण चोरवाटेने आलेला माणूस हॉटेलात नोंद करून राहत नाही. तो बांधकामावर किंवा भट्टीवर सापडतो, आणि आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार कायद्याने त्याच्यावरच टाकलेला आहे.

इथेच घोळ होतो. जून 2025 मध्ये महाराष्ट्रात मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालमधील काही जणांना बांगलादेशी ठरवून सीमेपार ढकलण्यात आले. ते भारतीय असल्याचे पश्चिम बंगाल सरकारने दाखवून दिल्यावर त्यांना परत आणावे लागले. मूळ गावच्या पोलिसांकडून पडताळणी होईपर्यंत थांबणे एवढीच इथे गरज होती. माणूस खरोखर परदेशी निघाला तरी त्याच्या देशाने त्याला आपला म्हटल्याशिवाय रीतसर पाठवणी होत नाही. तोवर त्याला कुठे व कोणत्या अवस्थेत ठेवायचे, याची सोय आधी हवी. खोटे दाखले पुरवणारे दलाल आणि कमी मजुरीसाठी डोळेझाक करणारे मुकादम यांच्यापर्यंत तपास गेला नाही, तर एकाला पाठवावे आणि दुसरा यावा, असेच चालू राहते.

जन्मदाखल्याचा आग्रह भटक्या-विमुक्तांनाही जाचतो. पालावर जन्मलेल्या पारध्याकडे अनेकदा दाखला नसतो, आणि त्याचा देश कोणता याबद्दल तर शंकाच नाही. उलट बाजूने पाहावे, तर विटा-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरले आहेत. दूरच्या सराफपेठेत परके आडनाव आणि परकी बोली त्यांचीच असते. परदेशी नागरिकांपैकी नेपाळींना मात्र 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे इथे राहायला व काम करायला व्हिसा लागत नाही.