दारातली अट: स्नेहसदनची कुळकथा

घरातून पळालेली, हरवलेली पोरं मुंबईच्या मोठ्या स्थानकांवर येऊन पडतात. त्यांच्यासाठी 1962 साली रिकार्दो फ्रान्सिस्को या स्पॅनिश जेझुइट पाद्र्यांनी ‘स्नेहसदन’ काढलं. पुढं फादर प्लॅसिडो फोन्सेकांनी ते वाढवलं. त्याचा कारभार अंधेरी पूर्वेतून चालतो. कार्यकर्ते मुलांना फलाटावरच गाठतात. त्यांना अवाढव्य अनाथालयात न कोंबता वस्तीतल्या साध्या घरांत ठेवायचं आणि सांभाळायला एक जोडपं द्यायचं, ही इथली पद्धत. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती मुलं एकाच घरात वाढतात.

या आतिथ्याचं मूळ मत्तयाच्या शुभवर्तमानात, 25व्या अध्यायात आहे: परक्याला आसरा देणं म्हणजे ख्रिस्तालाच देणं. चौथ्या शतकात बिशप बेसिल यांनी केसारियाबाहेर, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, वाटसरू, गरीब आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी वसाहतच उभारली. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठाचा नियम घातला, की गरीब आणि यात्रेकरूंची सरबराई जास्त काळजीनं करा. कारण श्रीमंतांचा मान त्यांच्या धाकानंच राखला जातो.

मुंबईच्या उपनगरात हा वारसा आला तो अट घेऊन.

सोळाव्या शतकात बोरिवलीजवळ मंडपेश्वरला फ्रान्सिस्कन पाद्री अंतोनियो द पोर्तो यांनी शिवाच्या लेण्याचं चर्च केलं. तिथं मठ आणि विद्यालय झालं, पण ते ख्रिस्ती झालेल्या मुलांसाठी. आसरा आणि धर्मांतर एकाच दारातून आत आले.

आसऱ्याआड धर्मांतर असतं, हा संशय पुढं पंडिता रमाबाईंनाही भोवला. 1889 साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. तिथल्या मुली ख्रिस्ती धर्माकडं वळताहेत, असा गवगवा झाला आणि 1893 मध्ये समाजसुधारक रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तरी 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुली गोळा करून त्यांना पुण्याजवळच्या केडगावला आणलं ते रमाबाईंनीच.

स्नेहसदननं दारातली ती अट काढली. मुलाचा धर्म मुलापाशीच राहिला आणि बेसिल यांच्या वसाहतीशी अंधेरीचं नातं मंडपेश्वरपेक्षा जवळचं ठरलं.

आता कायद्यानं, सापडलेल्या मुलाला 24 तासांत बालकल्याण समितीपुढं न्यावं लागतं. फलाटावर एकटं, भेदरलेलं मूल दिसलं तर पुढं जाऊ नका. 1098 हा बाल मदतवाहिनीचा क्रमांक फिरवा.