जुनेरावरची चित्रकथा

कलकत्ता शहराच्या दक्षिणेस, डायमंड हार्बर रस्त्यावर जोका नावाचे ठिकाण आहे. तेथील गुरुसदय संग्रहालयात कापडाचा एक जुना तुकडा जपून ठेवलेला आहे. वस्तुतः तो फाटक्या धोतरांचा आणि लुगड्यांचा एकावर एक शिवलेला थर होय. त्यावर रंगीत दोऱ्याने माणसे, जनावरे, झाडे आणि फुले काढलेली आहेत. आणि त्या चित्रांच्या सोबत बंगाली अक्षरांत शिवणारीने आपले नाव टाक्यांनी लिहिले आहे. मानदासुंदरी दासी हे ते नाव. एकोणिसाव्या शतकातील या स्त्रीने आपल्या हातचे हे काम आपल्या वडिलांना अर्पण केले. तिच्याविषयी इतिहासाला जे ठाऊक आहे ते बहुतेक त्या कापडाने सांगितलेले आहे. जिच्या नावाची नोंद कोणत्याही दप्तरात झाली नसती, तिला एका गोधडीने अमर केले.

बंगालमध्ये या वस्तूला कांथा म्हणतात. मराठी माणसाला हा शब्द परका नाही. जोग्याच्या आणि बैराग्याच्या अंगावरची कंथा आपल्या संतवाङ्मयाने पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची करून ठेवली आहे. आणि चिंध्यांची गोधडी पांघरणाऱ्या गाडगे महाराजांना लोक गोधडेबुवा म्हणत असत, ही तर काल-परवाची गोष्ट. चिंधीविषयीचा हा आदर बंगालमध्येही तितकाच जुना आहे. चैतन्यचरितामृतात सनातन गोस्वामींची एक कथा येते. गौडच्या सुलतानाचे हे मंत्री वैभव टाकून काशीला चैतन्य महाप्रभूंकडे आले, तेव्हा त्यांच्या अंगावर मेहुण्याने दिलेले एक उंची भोट कांबळे होते. महाप्रभू तोंडाने काही बोलले नाहीत. पण त्यांची नजर पुनःपुन्हा त्या कांबळ्याकडे वळे. सनातन समजले. गंगेच्या घाटावर एक बंगाली यात्रेकरू आपली कांथा धुऊन वाळवीत होता. सनातनांनी आपले कांबळे त्याला देऊन ती जुनी कांथा मागून घेतली. ही थट्टा आहे असेच त्या भल्या माणसाला प्रथम वाटले!

कांथा होते ती जुनेरापासूनच. नवे कापड फाडून कांथा करण्याची रीत पूर्वी नव्हती. नेसून नेसून मऊ झालेली तीन-चार लुगडी किंवा धोतरे जमिनीवर एकावर एक अंथरावयाची, हाताने सुरकुत्या काढावयाच्या, कडा दाबून ठेवावयाच्या आणि लांब टाक्यांनी सारे थर एकत्र धरावयाचे. दोराही विकत आणीत नसत. लुगड्याच्या लाल, निळ्या, काळ्या काठांतून एकेक धागा उसवून काढावयाचा आणि तोच सुईत ओवावयाचा. टाका अगदी साधा, आपल्याकडे ज्याला धावदोरा म्हणतात तो. मधोमध उमललेले कमळ, चार कोपऱ्यांत चार झाडे किंवा कोयऱ्या, आणि मधल्या मोकळ्या जागेत मनाला येईल ते चित्र. चित्रांमधील पांढरी जागासुद्धा बारीक टाक्यांनी भरून काढतात, त्यामुळे कापडावर पाण्याच्या लहरींसारखी चुणी उठते. घरकाम आटोपल्यावरच्या दुपारी आणि पावसाळ्यातले कोंडलेले दिवस एवढाच या कामाला मिळणारा वेळ. म्हणून एक कांथा पुरी होण्यास महिने, कधी वर्षे लागत. आजीने आरंभिलेली कांथा नातीने संपविली, असेही होई.

आपली गोधडी किंवा वाकळ आणि ही कांथा या सख्ख्या बहिणी खऱ्या, परंतु दोघींच्या चेहऱ्यांत फरक आहे. महाराष्ट्रातील लुगडी मुळातच रंगीत, हिरवी, तांबडी, काळी चंद्रकळा. त्यामुळे आपल्या बायकांनी रंगीत तुकडे कापून, जुळवून, ठिगळांचीच नक्षी केली. बंगालमध्ये धोतर पांढरे आणि लुगड्याचेही अंग पुष्कळदा पांढरे, रंग तेवढा काठात. त्या स्त्रीच्या पुढ्यात जणू कोरा कागदच पसरलेला असे, आणि काठातील दोरा ही तिची शाई. गोधडी रंगांची मांडणी करते. कांथा चित्र काढते आणि गोष्ट सांगते. या वस्तूंचे प्रकारही अनेक. पांघरावयाची ती लेप, अंथरावयाची किंवा पाहुण्यासाठी घालावयाची ती सुजनी, पोथी किंवा चीजवस्तू बांधण्यासाठी बोयतन, आरसा-फणी गुंडाळण्यासाठी आरशीलता, उशीसाठी ओआर. आणि सर्वांत लहान ती तान्ह्या बाळाची, आपल्याकडील दुपट्यासारखी.

या लहान कांथेशी मराठी इतिहासाचे एक विचित्र नाते आहे. 1741 ते 1751 या दहा वर्षांत नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर वारंवार स्वाऱ्या केल्या. भास्करराम कोल्हटकर हे त्यांचे सेनापती. बारगीर हा आपला शब्द. बंगाली जिभेवर त्याचा वर्गी झाला. वर्गींच्या भीतीने कलकत्त्याच्या रहिवाशांनी 1742 मध्ये शहराभोवती खंदक खणावयास घेतला. तो पुरा झालाच नाही, आणि पुढे तो बुजवून त्याच्या बाजूने सर्क्युलर रस्ता झाला. परंतु मराठा खंदक हे नाव कलकत्त्याच्या इतिहासात कायमचे राहिले. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने या लुटीचे वर्णन करणारे काव्य रचले आणि त्याला नाव दिले महाराष्ट्रपुराण. काव्ये पंडितांपुरती राहतात. अंगाई मात्र घरोघर जाते. मूल झोपी गेले, गाव शांत झाले आणि वर्गी आले, अशा आशयाचे गीत बंगालमधील आया शतकानुशतके गात आल्या. म्हणजे कांथेच्या उबेत डोळे मिटणाऱ्या बंगाली बालकाच्या कानी पहिली भीती पडली ती मराठ्यांची! महाराष्ट्रात ज्या स्वाऱ्यांची नोंद चौथाईच्या हिशेबात झाली, त्यांची नोंद बंगालच्या आयांनी पाळण्याशी केली. एकच घटना दप्तरात आणि पाळण्यात किती वेगळी दिसते, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये.

या जखमेवर पुढे मराठी रक्ताच्याच एका माणसाने फुंकर घातली. देवघरजवळ जन्मलेले सखाराम गणेश देऊस्कर कलकत्त्यात बंगाली पत्रकार आणि ग्रंथकार म्हणून नावारूपास आले. 1904 मध्ये त्यांचे ‘देशेर कथा’ प्रसिद्ध झाले आणि त्याच सुमारास बंगालमध्ये शिवाजी उत्सव रुजविण्यातही त्यांनी पुढाकार घेतला. रवींद्रनाथांनी शिवछत्रपतींवर कविता लिहिली ती त्या निमित्तानेच. वर्गींच्या भीतीने झोपी गेलेल्या मुलांचे वंशज शिवाजीचा जयजयकार करण्यास जागे झाले!

बंगालमधील मूल ज्या चित्रांच्या सहवासात वाढले, ती चित्रे आता पाहावी. एकोणिसाव्या शतकात कालीघाटच्या देवळाभोवती पटुआ चित्रकारांनी दुकाने मांडली. यात्रेकरू देवीच्या प्रसादाबरोबर एखादा पट नेत. त्यांत देवदेवता असत, तशीच छत्री मिरविणाऱ्या नव्या बाबूची टिंगलही असे, आणि गळ्यात माळ घालून तोंडात मासळी धरलेले ढोंगी मांजरही असे. ही बंगालची पहिली घरगुती हास्यचित्रे म्हणावयास हरकत नाही. कांथेवरही हाच संसार उतरला. कमळाच्या भोवती पालखी आली, हत्ती-घोडे आले, हुक्का ओढणारा बाबू आला, टोपीवाला साहेब आणि त्याचे शिपाईही आले. आपल्या अंगणापलीकडे सहसा न गेलेली स्त्री बाहेरच्या जगाकडे कशी पाहत होती, ते या चित्रांत दिसते. साहेबाचे हातपाय तिने काड्यांसारखे काढले, त्याची टोपी डोक्याहून मोठी केली. त्यात अज्ञान आहे असे कोणी म्हणेल. पण त्यात एक मिस्कील हसूही आहे. आणि रात्री तीच कांथा पांघरून निजणारे मूल बोटाने एकेक चित्र दाखवून त्याची गोष्ट विचारीत असेल, हे समजण्यास कोणत्याही पुराव्याची गरज नाही.

पुढे आजीच्या गोष्टी छापखान्यात गेल्या. 1907 मध्ये दक्षिणारंजन मित्र मजुमदार यांनी गोळा केलेल्या लोककथांचा ‘ठाकुरमार झुली’ हा संग्रह निघाला. नावाचा अर्थच आजीची झोळी. 1913 मध्ये उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी ‘संदेश’ हे मुलांचे मासिक काढले. त्यांचे पुत्र सुकुमार राय यांनी त्यात विलक्षण विनोदी कविता लिहिल्या आणि विचित्र प्राण्यांची चित्रे स्वतः काढली. त्यांचे ‘आबोल ताबोल’ हे पुस्तक 1923 च्या सप्टेंबरात, त्यांच्या मृत्यूनंतर नऊ दिवसांनी बाहेर पडले. त्यानंतरच्या पिढीच्या बालपणावर नारायण देबनाथ यांचा ठसा आहे. हावड्यातील शिबपूरच्या या चित्रकाराच्या घरी सोन्याच्या दागिन्यांचा व्यवसाय होता. दागिन्यांच्या नक्षीवरच त्यांचा हात प्रथम वळला. ‘शुकतारा’ मासिकात 1962 मध्ये त्यांचे हांदा-भोंदा आले, 1965 मध्ये बाँटुल हा अचाट शक्तीचा पहिलवान आला, आणि 1969 मध्ये ‘किशोर भारती’त नोंते-फोंते आले. ही चित्रमालिका पाच दशकांहून अधिक काळ चालली. 2022 च्या जानेवारीत ते वारले, तेव्हा पांढऱ्या केसांची माणसेही आपले लहानपण गेल्यासारखी हळहळली.

या साऱ्या प्रवासात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पटुआंची दुकाने प्रसिद्ध झाली, मासिकांच्या चित्रकारांची नावे घरोघर गेली. पण कांथेवर चित्रे काढणाऱ्या हजारो स्त्रिया अनामिक राहिल्या. बाईने अक्षर गिरविले तर घरावर संकट येते, असा त्या काळचा समज. राससुंदरी देवी या गृहिणीने चैतन्यभागवताचे एक पान लपवून स्वयंपाकघरात नेले आणि मुलाने गिरविलेल्या ताडपत्राशी ते ताडून ती चोरून वाचावयास शिकली. 1876 मध्ये तिचे ‘आमार जीबन’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. मानदासुंदरीने तेच धाडस सुईने केले. लेखणी नाकारली गेली म्हणून सांगावयाचे थांबले नाही. ते जुनेरावर उतरले. कवी जसीमुद्दीन यांनी 1929 मध्ये ‘नक्शी कांथार माठ’ हे काव्य लिहिले. त्यातील विरहिणी साजू आपल्या सुखदुःखाची सारी कथा कांथेवर काढते आणि मृत्यूनंतर ती आपल्या थडग्यावर पसरावी असे सांगते. ज्या स्त्रियांनी हे काव्य वाचले नव्हते, त्यांनाही ते कळले असते.

कांथा वापरून झिजते, हेच तिचे जीवित आणि हाच तिचा शेवट. जी वापरली ती गेली. पेटीत राहिली तीच उरली. ती गोळा करण्याचे श्रेय मुख्यतः दोघांना द्यावे लागेल. गुरुसदय दत्त हे सनदी नोकरीतील अधिकारी. जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरताना त्यांनी पट, खेळणी, मातीच्या पाट्या आणि कांथा जमविल्या. 1941 मध्ये ते वारले. त्यांचा संग्रह 1963 मध्ये जोका येथे लोकांसाठी खुला झाला. दुसऱ्या स्टेला क्रामरिश. व्हिएन्नात शिकलेल्या या विदुषीने कलकत्ता विद्यापीठात पाव शतक अध्यापन केले, 1939 मध्ये कांथेवर मोलाचा लेख लिहिला आणि आपला संग्रह पुढे अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या संग्रहालयास दिला. मधल्या काळात 1947 ची फाळणी झाली. ज्या जेसोर, खुलना, फरीदपूरकडे कांथेची मोठी परंपरा, ते जिल्हे सीमेपलीकडे गेले आणि तिकडची असंख्य कुटुंबे सियालदहच्या फलाटावर उतरली. जड सामान मागे राहिले. पोर गुंडाळलेले जुनेर बरोबर आले. निर्वासितांच्या वसाहतींतून हेच शिवणकाम पुढे कित्येक बायकांच्या पोटाचा आधार झाले.

आज कांथेचा टाका रेशमी साड्यांवर चढला आहे. पश्चिम बंगालच्या नक्शी कांथेस 2008 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि कलकत्त्यानजीक सोनारपूरच्या प्रीतिकणा गोस्वामी यांना 2023 मध्ये पद्मश्री देऊन या कलेचा गौरव झाला. हे सारे आनंदाचे आहे. मात्र बाजारातील कांथा आणि घरातील कांथा यांत एक अंतर राहणारच. बाजारातील कांथेला गिऱ्हाईक असते. घरातल्या कांथेला धनी असतो, आणि तो बहुधा अजून जन्मास यावयाचा असतो.

महाराष्ट्रातील घरांतही ट्रंकेच्या तळाशी एखादी वाकळ पडलेली असते. तिच्यातील एक ठिगळ आजीच्या लुगड्याचे, एक आजोबांच्या सदऱ्याचे, एक कोणाच्या बारशाच्या झबल्याचे. हे ठिगळ कोणाचे, हे सांगणारे माणूस जोवर घरात आहे, तोवर ती गोधडी म्हणजे एक बखर आहे. ते माणूस गेले की उरते ते केवळ जुने कापड. मानदासुंदरीने हे ओळखले होते. म्हणूनच तिने चित्रांशेजारी आपले नाव शिवले.