मर्सो

मर्सो : फ्रान्सच्या बर्गंडी प्रदेशातील, शार्दोने द्राक्षांच्या पांढऱ्या वाइनसाठी विख्यात असलेले गाव. कोत-दॉर विभागात, बोन शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे ८ किमी.वर ते वसले असून लोकवस्ती जेमतेम दीड हजार आहे. व्होल्ने व प्युलिन्यी-मोंराशे ही तितकीच नामांकित गावे शेजारी आहेत.

गावाच्या पश्चिमेकडील टेकड्यांचे उतार मुख्यतः पूर्वेला व आग्नेयेला तोंड करून असल्याने वेलींना सकाळपासून ऊन मिळते. जमीन ज्युरासिक काळातील चुनखडकाची व चुनायुक्त चिकणमातीची आहे. उताराच्या मधल्या पट्ट्यात माती उथळ व निचरा उत्तम, म्हणून निवडक मळे तेथेच आढळतात. पेरिएर, जनेव्रिएर व शार्म हे त्यांतील अग्रगण्य. पेरिएर मळ्याचे नाव तेथील जुन्या दगडखाणींवरून पडले असून त्याची वाइन सर्वांत रेखीव मानली जाते. शार्मची अधिक भरदार व मृदू असते. एकाच जातीच्या द्राक्षांत जमिनीमुळे पडणारा हा फरक मर्सोइतका स्पष्ट क्वचितच अनुभवास येतो.

द्राक्षांचा रस २२८ लिटरच्या ओक पिंपांत किण्वला जातो. मृत यीस्टचा गाळ त्यातच ठेवून वाइन मुरवतात. काही उत्पादक तो अधूनमधून ढवळतात. तीव्र मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर झाल्याने चव गोलसर होते. येथील भूजल प्युलिन्यीपेक्षा खोल असल्याने खोल, थंड तळघरे बांधता आली आणि वाइन दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत पिंपात ठेवणे शक्य झाले. लोणी, हेझलनट व मध यांची आठवण देणारा गंध ही तिची ओळख. उत्तम वर्षांची वाइन दशकाहून अधिक काळ टिकते.

येथील द्राक्षशेतीत सितो येथील सिस्टर्शियन मठाचा मोठा वाटा आहे. मठाला १०९८ मध्ये, स्थापनेच्याच वर्षी, मर्सोतील द्राक्षमळा दान मिळाला होता. अमेरिकेचे पुढे अध्यक्ष झालेले टॉमस जेफरसन यांनी १७८७ मध्ये बर्गंडीचा दौरा केला. येथील ‘गुत दॉर’ मळ्याची वाइन त्यांना विशेष आवडे. १९३७ मध्ये मर्सोला नियंत्रित मूळस्थान-नामाचा कायदेशीर दर्जा मिळाला. ‘ग्रां क्र्यु’ या सर्वोच्च श्रेणीतील एकही मळा गावात नाही, त्याखालील ‘प्रमिए क्र्यु’ श्रेणीतील मात्र अनेक आहेत. तरीही पेरिएरची उत्कृष्ट वाइन सर्वोच्च श्रेणीच्या तोडीची असल्याचे जाणकार मानतात, आणि ते रास्त आहे. बर्गंडीतील अशा मळ्यांच्या भूप्रदेशाचा २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

शार्दोनेला अंकुर लवकर फुटत असल्याने वसंतातील कडाक्याच्या थंडीचा धोका मोठा असतो. एप्रिल २०२१ मध्ये कोवळे कोंब गोठून बर्गंडीतील पांढऱ्या वाइनचे उत्पादन फार घटले.

रंगीत कौलांचे नगरभवन व सें निकोला चर्चचा उंच मनोरा ही गावातील प्रेक्षणीय स्थळे होत. हंगामाअखेरच्या मेजवानीची जुनी प्रथा ज्यूल लाफों यांनी १९२३ मध्ये पुनरुज्जीवित केली. नोव्हेंबरच्या तिसऱ्या सोमवारी भरणाऱ्या या ‘पोले’ उत्सवात उत्पादक स्वतःच्या तळघरातील बाटल्या आणून सर्वांना देतात. त्यानिमित्त एका लेखकाचाही गौरव होतो. त्याला पारितोषिक म्हणून मर्सोच्या १०० बाटल्या मिळतात.